बागेला ताण दिल्यावर झाडाच्या पेशीत काय घडतं?

निंबोणी

पावसाच्या धाग्यावर एकांनी विचारलं होतं, "दुष्काळ सोसणारं जनुक सापडलंय म्हणतात, मग ते सरळ बियाण्यात घालत का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतेय. मी वनस्पतींच्या जनुकांवर काम करते आणि माहेरी मोसंबीची बाग आहे. त्यामुळे प्रयोगशाळा आणि बांध, दोन्हीकडून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. दुष्काळ सोसण्याचं असं एक जनुक नसतं. पेशीला कोरडेपणात तगवून धरणारी बहुतेक जनुकं भातात आहेत, मोसंबीत आहेत आणि धुऱ्यावरच्या गवतातही आहेत. फरक पडतो तो ही जनुकं कधी चालू होतात, किती जोरात चालतात आणि वेळेवर बंद होतात की नाही, यावरून.

बागेला ताण देणं म्हणजे बहार यावा म्हणून काही काळ तिचं पाणी तोडणं. पाणी तोडल्यापासूनचा क्रम बघू. माती सुकतेय हे आधी मुळांना कळतं, पण पाणी उडतं पानांतून. म्हणजे निरोप वर जायला हवा. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी असा एक निरोप्या ओळखला, सीएलई२५ नावाचं छोटंसं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा इवला तुकडा. सुकणाऱ्या मुळांत ते तयार होतं, वाहिन्यांतून पानांत पोचतं आणि तिथे एनसीईडी३ हे जनुक चालू करायला लावतं. या जनुकापासून बनणारं विकर (एन्झाइम) ॲब्सिसिक आम्ल, म्हणजे एबीए, तयार होण्यातली कळीची पायरी पार पाडतं. हे सगळं काम अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपावर झालंय. आमच्या क्षेत्रात बहुतेक गोष्टींची सुरुवात तिथूनच होते.

एबीए हे संप्रेरक (हार्मोन) १९६० च्या दशकापासून माहीत आहे, पण पेशी ते ओळखते कशी, हे कोडं सुटलं थेट २००९ मध्ये. दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याची ग्राहक-प्रथिनं शोधली. रचना मोठी सुंदर आहे. एरवी पीपी२सी नावाची प्रथिनं एसएनआरके२ या विकरांना दाबून धरतात, गाडीला हँडब्रेक लावून ठेवावा तशी. एबीए आलं की ग्राहक-प्रथिन ते पकडतं आणि तशा अवस्थेत पीपी२सीला जाऊन जखडतं. ब्रेक सुटतो. मोकळी झालेली एसएनआरके२ दोन ठिकाणी कामाला लागतात. पर्णरंध्राच्या रक्षक पेशींत आयनांचे मार्ग उघडून रंध्र मिटवतात, हे काही मिनिटांत होतं. आणि केंद्रकात एबीएफ नावाची प्रथिनं जागी करतात. ही प्रथिनं जनुकांची वाचणी सुरू करतात, म्हणजे जनुकांवरून प्रथिनं बनायला लागतात, त्याचा परिणाम पुढचे कित्येक तास, दिवस दिसत राहतो.

आता ही प्रथिनं हजारो जनुकांतून नेमकी हवी ती कशी निवडतात? प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. एबीएला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या प्रमोटरमध्ये 'ए-सी-जी-टी' हा गाभा असलेला खुणेचा क्रम असतो आणि एबीएफ तिथेच जाऊन बसतात. दुसरी एक वाट एबीएवर फारशी अवलंबून नाही. तिथली खूण 'सी-सी-जी-ए-सी' अशी आहे आणि तिथे बसणाऱ्या प्रथिनांना डीआरईबी म्हणतात. अशी एकेक खूण शेकडो जनुकांपुढे असते, त्यामुळे एक प्रथिन जागं झालं की सगळी फौज उठते. पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करा, प्रोलीन, पेशीतली प्रथिनं विस्कटू न देणारी एलईए प्रथिनं, पानावरचं मेण, सगळं त्यात आलं.

इथेच त्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. १९९८ च्या सुमारास काझुओ शिनोझाकी आणि काझुको यामागुची-शिनोझाकी यांच्या गटाने डीआरईबी१ए हे जनुक वेगळं काढलं आणि रोपात ते कायम चालू राहील अशी सोय केली. रोपं कोरड, थंडी, खार सगळं सोसू लागली, पण खुजी राहिली. कायम संकटात असल्यासारखं वागणारं झाड वाढणार कसं? मग १९९९ मध्ये त्याच गटाने फक्त प्रमोटर बदलला. आरडी२९ए या जनुकाचा प्रमोटर ताण आल्यावरच जागा होतो, तो डीआरईबी१ए च्या पुढे जोडला. आता रोपं सोसतही होती आणि त्यांची वाढही जवळपास नेहमीसारखी होत होती. जनुक तेच. बदलली ती त्याची वेळ.

हीच जोडी पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत भुईमुगात घातली गेली, आणि त्यासाठी निवडलेला वाण होता जेएल-२४, म्हणजे आपल्या जळगावच्या केंद्रातून आलेला 'फुले प्रगती'. त्यातून तयार झालेल्या काही वंशांनी कमी पाण्यात पाण्याचा वापर जास्त काटकसरीने केला. शेतकऱ्याच्या हातात मात्र ते बियाणं आलेलं नाही.

आता बागेकडे. ताण दिल्यावर मोसंबीला, संत्र्याला फुलं का येतात? फुलोऱ्याचा निरोप देणारं एफटी नावाचं प्रथिन पानांत तयार होतं आणि शेंड्याकडे जातं. लिंबूवर्गीय झाडांत पाणी तोडलं की पानांतलं एफटी जनुक जास्त वाचलं जातं. थंडीतही तेच होतं, साधारण २० अंशांखाली. म्हणजे आंबिया बहाराला, हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याला, झाडाला दोन निरोप मिळतात, डिसेंबरची थंडी आणि तोडलेलं पाणी. मृग बहाराला, पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याला, एकच, एप्रिल-मेमधला कोरडा ताण. मृग बहार हमखास लागत नाही याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

बाग करणाऱ्यांनी आपापला अनुभव लिहा, पुढची चर्चा त्यावरच करू.


काळी कसदार

निंबोणीताई, धागा आवडला. आमची मोसंबी जालन्याकडची, जमीन भारी. हलक्या रानात महिनाभरात ताण बसतो, आमच्या काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागतात, कारण खालची ओल हटत नाही. आम्ही कॅलेंडर बघत नाही, पान बघतो. आधी दुपारी पान मलूल होतं आणि सकाळी पुन्हा ताठ होतं. मग सकाळीही ताठ होईना, हिरवा रंग फिका पडला, हात लावला की जुनी पानं गळायला लागली, म्हणजे ताण बसला. त्याच्या पुढे नेलं तर काड्या वाळतात आणि झाड पुढच्या दोन वर्षांचं नुकसान करून ठेवतं.

माझा प्रश्न असा. मेमध्ये अवकाळी झाला की सगळं विस्कटतं. फुलं येतात त्यापेक्षा नवती जास्त फुटते. नुसता पालाच पाला. असं का? इतके दिवस दिलेला ताण एका पावसात वाया कसा जातो?


निंबोणी

काळी कसदार, तुम्ही लिहिलेला पानाचा क्रम फार मोलाचा आहे. सकाळी पान ताठ होतं तोवर झाड रात्रीत पाणी भरून काढतंय. सकाळीही मलूल, म्हणजे आता मुळांना ते जमत नाही. साधारण याच टप्प्यावर एबीए चढलेलं असतं आणि वाढीची संप्रेरकं उतरलेली असतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की पानांत एफटी वाढणं ही पहिली पायरी झाली. ते फांदीवरच्या डोळ्यांपर्यंत, म्हणजे अंकुरांपर्यंत, पोचून तिथली फुलाची जनुकं तयार व्हायला काही दिवस लागतात. डोळा फुटतो मात्र पाणी मिळाल्यावर. तो फुटतो तेव्हा त्याच्यात फुलाचा निरोप पुरेसा पोचला असेल तर फूल येतं, नसेल तर नवती. अवकाळी अर्ध्यात आला की झाडाला पाणी मिळतं, एफटी झपाट्याने उतरतं, आणि जे डोळे अजून तयार नव्हते ते पालवी होऊन बाहेर पडतात. जे तयार होते ते फुलतात. म्हणूनच अशा वर्षी एकाच झाडावर एका बाजूला बहार आणि दुसऱ्या बाजूला पाला दिसतो.

जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक लिंबूवर्गीयात फुलोरा दाबतं. भारी जमिनीत ताण बसत नसेल तर सायकोसेलची फवारणी सांगतात ती याच कारणाने, ते जिबरेलिन बनण्याच्या वाटेत आडवं येतं. मात्रा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनेच ठेवा, अंदाजाने नको.


काळी कसदार

आता उलगडा झाला. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, एकदम रान भरायचं नाही, असं वडील सांगायचे. त्यालाही असंच कारण असणार?


निंबोणी

हो. एकदम भरपूर पाणी दिलं की मुळांचा श्वास कोंडतो आणि वाढीची संप्रेरकं उसळी घेतात. हलकं पाणी, मग थोडं वाढवत जायचं, हे बरोबरच आहे. तोवर खतही मुळांशी लागू होतं.


मालदांडी

मी सोलापूर जिल्ह्यातला. रब्बी ज्वारीचं लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ आज कितीतरी दशकं झाली तरी शेतात उभी आहे. पाऊस संपल्यावर पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर कणीस भरायचं. दुपारी पान गुंडाळून घेते, ताटावर पांढरं मेण चढतं. हे सगळं तुम्ही म्हणता त्या जनुकांचंच काम ना?

आणि एक गोष्ट ज्याची खेड्यात सगळ्यांना धास्ती असते. पाऊस ओढला, ज्वारी गुडघ्याच्या आत असताना सुकली आणि जनावर त्यात शिरलं, तर किराळ लागते. पोट फुगतं, धाप लागते, तोंडाला फेस येतो. डॉक्टर वेळेवर आला नाही तर जनावर हातचं जातं. दावं सुटलेली गाय सकाळी शेतात आडवी पडलेली मी पाहिलीय. तेच ताट मोठं होऊन कडबा झालं की वर्षभर खुशाल घाला. एकच पीक कधी विष, कधी वैरण, हे कसं?


प्रयोगवही

मी ज्वारीवरच पीएचडी करतोय, त्यामुळे हे मी घेतो, निंबोणीताई.

ज्वारीत धुरिन नावाचं संयुग असतं. पान चावलं, चिरडलं की पेशीतली विकरं त्यावर तुटून पडतात आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. किराळ म्हणजे सायनाइडचीच विषबाधा. डॉक्टर सोडियम थायोसल्फेट देतात ते त्यावरचं औषध, पण हातात वेळ फार थोडा असतो.

धुरिन बनवण्याची पहिली पायरी सीवायपी७९ए१ या जनुकाच्या ताब्यात आहे. हे जनुक कोवळ्या रोपात सर्वांत जोरात चालतं, वय वाढेल तसं मंदावतं. मोठ्या ताटात धुरिन कमी होण्याचं कारण हे. पाऊस ओढला की रोपाची वाढ थांबते, धुरिन मात्र साठलेलं राहतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. त्यात युरिया जास्त पडला असेल तर धोका आणखी, कारण धुरिनमध्ये नत्र असतं आणि मुबलक नायट्रेट मिळाल्यावर सीवायपी७९ए१ पुन्हा जोर धरू शकतं. रोपाच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपणाचं आहे. वाढता येत नाही तेव्हा नत्र साठवून ठेवायचं आणि कुणी खायला आलं तर तेच हत्यार.

कापलेल्या ज्वारीचा खोडवा फुटतो त्या कोवळ्या फुटव्यांतही हेच होतं. तिथेही जनावर सोडू नका.

पानं गुंडाळणं आणि मेण याबद्दल तुमचं बरोबर. त्याशिवाय काही ज्वारींत फुलोऱ्यानंतर पाणी तुटलं तरी पानं हिरवी राहतात. या गुणाशी जोडलेले गुणसूत्रांवरचे चार भाग एसटीजी१ ते एसटीजी४ म्हणून ओळखले जातात. गंमत अशी, की अशा झाडांना आधीपासूनच फुटवे कमी आणि वरची पानं आखूड असतात. सुरुवातीला पाणी कमी खर्चल्यामुळे दाणे भरताना ते शिल्लक राहतं.


मालदांडी

धन्यवाद. युरियाचं हे माहीत नव्हतं. गावच्या ग्रुपवर टाकतो.


धानपट्टा

गोंदियाकडून नमस्कार. तुम्ही सगळे कोरड्यावर बोलताय, आमच्याकडे धान बुडून मरतो. स्वर्णा हा वाण आमच्या भागात वर्षानुवर्षं लावतात. नदी चढली आणि आठ-दहा दिवस पाणी ओसरलं नाही की बांधीत नुसता सडका पेंढा राहतो. स्वर्णा-सब१ नावाचं बियाणं वेगळं आहे का? त्यात काय घातलंय?


निंबोणी

धानपट्टा, तुमच्या प्रश्नात माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आलं.

साधं भाताचं रोप बुडालं की त्यात इथिलिन वायू कोंडतो. त्यातून जिबरेलिनची वाट मोकळी होते आणि रोप हवेच्या शोधात भराभर उंच व्हायला लागतं. अंधाऱ्या, गढूळ पाण्यात प्रकाश नसतो, म्हणजे नवं अन्न बनत नाही. साठवलेली साखर उंची वाढवण्यातच संपते. पाणी ओसरतं तेव्हा रोप रिकामं झालेलं असतं आणि आडवं पडतं.

ओडिशातल्या एका जुन्या स्थानिक भातातून निवडलेला एफआर१३ए नावाचा वाण मात्र दोन आठवडे बुडूनही परत फुटतो, हे जुन्या भात-संशोधकांना माहीत होतं. २००६ मध्ये त्यामागचं जनुक नेमकं सापडलं, सब१ए. त्याचं प्रथिन डीआरईबीच्याच मोठ्या कुळातलं आहे, म्हणजे तेही इतर जनुकं चालू-बंद करणारं. ते जिबरेलिनला अडवणाऱ्या प्रथिनांचं प्रमाण वाढवतं. रोप वाढ थांबवतं, साखर राखून ठेवतं आणि पाणी ओसरण्याची वाट बघतं. हे जनुक नेहमीच्या संकरातून, डीएनएवरच्या खुणा तपासत, स्वर्णामध्ये आणलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झालं. बाहेरचं जनुक घातलेलं हे बियाणं नाही, भाताचंच भातात आलंय. दाणा आणि शिजवण स्वर्णासारखीच आहे.

मर्यादाही सांगते. दोन आठवड्यांच्या वर पाणी राहिलं तर उपयोग नाही. आणि आसाम-बांगलादेशात जिथे महिनोन्‌महिने पाणी हळूहळू चढत राहतं, तिथे उलटा डाव लागतो. तिथल्या खोल पाण्याच्या भातात स्नॉर्केल१ आणि स्नॉर्केल२ ही त्याच कुळातली जनुकं आहेत, २००९ मध्ये सापडली. ती रोपाला पाण्यासोबत वर वाढायला लावतात. एकाच इथिलिनच्या निरोपावर एक भात थांबतो आणि दुसरा धावतो. आपल्या भागात पाणी कसं येतं आणि किती दिवस राहतं, हे माहीत असल्याशिवाय कुठलं चांगलं ते सांगता येणार नाही.


धानपट्टा

आमच्याकडे पाणी चढतंही लवकर, उतरतंही आठवड्या-दीड आठवड्यात. म्हणजे सब१ चालेल. येत्या हंगामात एका बांधीत लावून बघतो.


बीजथैली

एक गोष्ट खुपते म्हणून लिहिते. एफआर१३ए हे कुणा प्रयोगशाळेत तयार झालेलं नाही. ओडिशातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरात टिकलेल्या रोपांचं बी राखलं म्हणून ते हाती आलं. जनुकाला नाव मिळालं, शोधनिबंध झाले. ज्या घरांनी ते बी जपलं त्यांचं काय? २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी आणि लाभातला वाटा, दोन्हीची तरतूद आहे. तिचा वापर गावोगावी व्हायला हवा. आपल्याकडचे जुने वाण कुणीतरी नोंदवून घेत आहे का?


खारेपाट

बीजथैली, तुमच्याशी पूर्ण सहमत. आमचा अलिबाग-पेणचा खारेपाट. उधाणाचं पाणी बांध फोडून आत आलं की दोन-तीन वर्षं शेत पांढरं पडतं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ हे वाण दिले त्यावर बरीच शेती उभी आहे. त्याच्या आधी आमच्या आज्या-पणज्या जे खारे भात लावायच्या त्यातले कितीतरी आता कुणाकडे मूठभरसुद्धा सापडत नाहीत. भाताला मीठ कसं सोसतं, ते कुणी सांगेल का?


मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, शेतांतलं कोरगुट हे असंच भात. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खारं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं, याचं गावाचं गणित ठरलेलं होतं. आता बांध सांभाळणारे हात कमी झालेत. कोरगुटचा तांदूळ लालसर, पेज उत्तम होते. माझ्या आईकडे अजून घरचं बी आहे आणि आम्ही ते दरवर्षी लावतो, नाहीतर ते संपेल.


प्रयोगवही

खारेपाट, मिठातलं सोडियम पानात साठलं की पान करपतं. सोसणारी भातं ते पानापर्यंत पोचू देत नाहीत. मुळातून पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांच्या कडेला ज्या पेशी असतात, तिथे एचकेटी१;५ नावाचं प्रथिन सोडियम परत ओढून घेतं. हे जनुक २००५ मध्ये बंगालच्या नोना बोक्रा या भातातून ओळखलं गेलं. केरळच्या पोक्कळीतला 'सॉल्टॉल' म्हणून प्रसिद्ध असलेला भागही त्याच गुणसूत्रावर, त्याच परिसरात आहे.

साध्या भातातही एचकेटी१;५ असतंच. त्याचं रूप थोडं वेगळं असतं आणि ते किती, कुठे, कधी वाचलं जातं यातही फरक असतो. निंबोणीताईंनी सुरुवातीला लिहिलं तेच पुन्हा.

मांडवीकाठ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. असं घरचं बी जवळच्या जनुकपेढीतही जमा करून ठेवा, एका वर्षीच्या पुरात सगळं जायला नको.


सडाफूल

मी वनस्पतींची छायाचित्रं काढते, विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. पण या धाग्यात सह्याद्रीचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, यायलाच हवेत. एप्रिलमध्ये कातळावरचं ट्रायपोगॉन गवत हातात घेतलं तर चुरा होतो. पहिल्या पावसानंतर त्याच ठिकाणी गेलं की तेच जुनं पातं हिरवं होऊन उभं असतं. नव्याने उगवलेलं नसतं, तेच पातं असतं. मी एक सुकलेला गड्डा घरी बशीत ठेवून वर पाणी शिंपडलं. संध्याकाळी पात्यांच्या कडा उलगडायला लागल्या होत्या, सकाळी बुडाकडून हिरवट रंग चढत होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची यादी प्रसिद्ध केली. त्याआधी फक्त ९ माहीत होत्या! हे सडे आपण खाणींना आणि बंगल्यांना देतोय. हे कसं घडतं ते जाणकारांनी सांगावं.


निंबोणी

सडाफूल, किती छान टिपलंत. बुडाकडून रंग चढतो हे निरीक्षण तर नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

बहुतेक झाडांच्या पानाने अर्ध्याहून जास्त पाणी गमावलं की परतीची वाट बंद होते. या वनस्पती नव्वद टक्क्यांहून जास्त गमावूनही परत येतात. कशा? कुठलंही बी आठवा. हरभऱ्याचा दाणा वर्षभर डब्यात कोरडा राहतो आणि भिजवला की त्याला मोड येतात. कोरडं राहून जिवंत राहण्याची जनुकं जवळपास सगळ्या सपुष्प वनस्पतींकडे आहेत, पण त्यांचा पूर्ण संच बी पिकतानाच चालू होतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जिल फॅरंट यांच्या गटाने झेरोफायटासारख्या, सुकून पुन्हा हिरव्या होणाऱ्या वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यातून दिसतं ते असं, की या वनस्पती बियांमधली ती एलईए प्रथिनं आणि साखरा पानांत सुकतानाही बनवतात. वेगळं काही दैवी जनुक नाही. बियांसाठी राखलेला कार्यक्रम पानात चालवण्याची हुकूमत त्यांनी मिळवलीय.

आपल्या ६२ जातींपैकी बहुतेकींची जनुकं अजून कुणी वाचलेलीसुद्धा नाहीत. सडा गेला तर वाचायला काही उरणार नाही.


काळी कसदार

एक विचारायचं राहिलं. लहानपणी थोडं पाणी तोडून वाढवलेली रोपं पुढे काटक होतात, असं आम्ही मानतो. झाडाला आठवण असते का?


प्रयोगवही

असते, पण तिला मुदत आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या गटाने अरॅबिडॉप्सिसची रोपं पुन्हा पुन्हा सुकवली आणि मध्ये पाणी दिलं. आरडी२९बी सारखी काही जनुकं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा कितीतरी जोरात चालू झाली. मधल्या काळात त्या जनुकांचं काम थांबलेलं होतं, पण डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरची रासायनिक खूण पुसली गेली नव्हती. वाचणी करणारं विकरही जनुकाच्या तोंडाशी थबकून होतं. आठवडाभर भरपूर पाणी मिळाल्यावर ही आठवण गेली.

मुळांचं वेगळं. रोपवयात पाणी बेताने मिळालं की मूळ खोल जातं आणि ते पुढे कायम कामी येतं. तुमच्या काटकपणात या दोन्हींचा वाटा असावा.

पुढच्या पिढीत मात्र यातलं फारसं जात नाही. बहुतेक खुणा बी तयार होताना पुसल्या जातात. उष्णतेत जागा होणारा 'ऑनसेन' नावाचा उड्या मारणारा डीएनएचा तुकडा आहे. २०११ मध्ये दिसलं, की अशा तुकड्यांना दाबून ठेवणारी झाडाची छोट्या आरएनएंची राखण मोडलेली असेल तरच त्याच्या नव्या प्रती पुढच्या पिढीत दिसतात. निरोगी झाड ही गडबड स्वतःच आवरतं. त्यामुळे 'दुष्काळ शिकवलेलं बियाणं' म्हणून कुणी महाग विकत असेल तर आधी पुरावा मागा.


बीजथैली

आणि ते जीनोम-संपादित भाताचं काय? बातम्यांत होतं.


निंबोणी

मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने दोन वाण जाहीर केले. त्यातलं 'पुसा डीएसटी राइस १' आपल्या विषयातलं आहे. एमटीयू १०१० या वाणात डीएसटी हे जनुक संपादनाने, म्हणजे डीएनएत नेमक्या जागी बदल करून, निकामी केलंय. डीएसटी हेही इतर जनुकांवर हुकूम चालवणारं, आणि त्याचं काम रंध्रं मोकळी ठेवण्याकडे झुकलेलं. ते नसलं की पानावर रंध्रं कमी होतात आणि ती लवकर मिटतात. पाणी वाचतं, खारही काहीसा सोसतो.

माझं मत विचाराल तर तत्त्व पक्कं आहे. पण रंध्र मिटलं की पाण्यासोबत कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि पान तापतं. चांगल्या पावसाच्या वर्षी उत्पादन घटत नाही ना, हे वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या जमिनींत, सलग काही हंगाम बघायला हवं, आणि ते आकडे सगळ्यांना बघायला मिळायला हवेत. बीजथैली, हक्काचा तुमचा मुद्दा इथेही तितकाच लागू आहे. संपादनाच्या तंत्रावर कुणाची पेटंट आहेत, हे बी घेण्याआधी शेतकऱ्याला कळलं पाहिजे.


काळी कसदार

ताई, शेवटचं. गेल्या वर्षी भाव नव्हता म्हणून आंबियाची फळं डिसेंबरपर्यंत झाडावर राखली. या वर्षी ताण नीट बसूनही बहार पातळ आला. जमिनीचा दोष का?


निंबोणी

जमिनीचा नसावा. झाडावर फळांचा भार असला की पानांतलं एफटी दबलेलं राहतं, हे लिंबूवर्गीयात वारंवार दिसलंय. ताण दिला तरी ते पुरेसं चढत नाही. एक वर्ष लगडून पुढचं वर्ष सुनं जातं त्यामागे हेही एक कारण आहे. यंदा फळं तयार झाली की लगेच उतरवा, मग झाडाला थोडी विश्रांती देऊन डिसेंबरात पाणी तोडा. फळं अजून राखायचीच असतील तर सगळ्या बागेवर नको, काही ओळींवरच राखा आणि दोन्हीकडचा बहार इथे लिहा.